उल्कानच्या रुमालाखालचा कान

सासू वारली त्या सकाळी उल्कानने काळा रुमाल कानांवरून घट्ट बांधला. रुमालाखाली ऐकण्याचं यंत्र होतं, आणि ते चालू होतं. कानाचं ऑपरेशन फुकट गेलं असंच सारे समजत. नवरा रशियात मजुरीला. खरं काय ते एकट्या सासूला ठाऊक होतं.

मज्जातंतूंच्या आजाराने उल्कानची आधी चाल बिघडली, मग कान गेले. राजधानी बिश्केकच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, पण बजावलं, "यंत्र आवाज देईल. तुझ्या नसा तो पोचवतील का, सांगवत नाही." कित्येक महिने डोक्यात नुसता पत्रा खडखडला. सासू समोर बसून एकेक शब्द म्हणायची, उल्कान तो परत म्हणायची. हळूहळू त्या पत्र्यातून माणसं बोलू लागली. सर्वांत आधी लख्ख ऐकू आली ती मोठी जाऊ, अनिपा.

"ही ठार बहिरी काय ऐकतेय!" उल्कानच्याच हातचा चहा पीत ती शेजारणींना सांगत होती. "म्हातारीला उपाशी ठेवते हो! आणि ते चालताना डुलणं आजाराचं नाही, व्होडकाचं!"

गावाने उल्कानकडे पाठ फिरवली. तरी तिने यंत्र रुमालाखाली लपवूनच ठेवलं. भांडण काढलं असतं, तर अनिपाने चार आसवं गाळून बाजी मारली असती. उल्कानला अशी जागा हवी होती, जिथे जावेला तोंडच उघडता येणार नाही.

ती आता मिळाली. अंगणात नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, शोकाचा तंबू उभा राहिला. रिवाज असा, की सुनांनी आत भिंतीकडे तोंड करून गात रडायचं. गाणारीला कुणी अडवायचं नाही, सुनेने जागचं उठायचं नाही, आणि नवे पाहुणे आले की शोक पहिल्यापासून.

"आई गं," उल्कानने सूर लावला, "थोरली म्हणते, मी तुला उपाशी ठेवलं! शेवटचा घास कुणाच्या हातचा, तूच सांग! तुझी चांदीची कर्णफुलं माझ्यादेखत उचलली गं तिने, म्हणाली, बहिरीला काय कळतंय!"

शेवटचं वाक्य तिने थेट अनिपाच्या ठसक्यात म्हटलं. मागे बसलेल्या बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं.

पाहुणे बाहेर पडताच शेजारी बसलेल्या अनिपाने तिचा हात धरला. "तुला ऐकू येतं? कधीपासून?"

"गेल्या शरदापासून, जाऊबाई."

"कर्णफुलं आज रात्रीच आणून देते. पण पुरे कर गं बाई!"

"आणा की. तेही गाण्यात घालते."

बाहेर टापा वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "अनिपाच्या माहेरची आली!"

अनिपाने डोळे मिटले. उल्कानने भिंतीकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि मघापेक्षा वरची पट्टी धरली.