चावी माझ्या कोटात

गोंडपिपरीच्या कोर्टात वकिली करताना मी एक गोष्ट शिकलो. आपल्या बाजूनं कोणी बोलायला उठलं, की आधी त्याला खाली बसवायचं. ही अक्कल मला एका काळीपिवळी जीपवाल्यामुळं आली.

हा गडी जंगलातल्या चार गावांची माणसं बाजाराला न्यायचा-आणायचा. एका लग्नात पिऊन त्यानं वरातीची जीप नालीत घातली. कोणाला लागलं नाही, नवरदेवाचा फेटा तेवढा भिजला. कोर्टानं वर्षभर गाडी चालवायला बंदी केली. पठ्ठ्या बंदीतच दोनदा सापडला, दोन्ही वेळा दंडावर सुटला. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा माझ्याकडे आला.

"वकीलसाहेब, जेलात नोका जाऊ देऊ मले. घरी माय एकटीच हाय."

गुन्हा कबूलच करायचा होता. शिक्षा कमी व्हावी म्हणून मी न्यायाधीशांना सांगितलं, यानं नाइलाजानं, एखाद्या वेळीच गाडी काढली. गावची माणसं आली आहेत, तीही सांगतील. मी अगदी खुशीत होतो.

मागच्या बाकावरची गावची एक म्हातारी बाई उठली. "सायेब, लय चांगला मानूस हाय. बंदी आली तवापासून दारूचा थेंब नाई घेतला. रोज सकाळी आठले गाडी उभी. एक दिवस खाडा नाई."

"रोज?" साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"रोज! पोळ्यालेही!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला बाईंचा असा राग आला की सांगता सोय नाही. साहेब खाली मान घालून हसले, मग कडक झाले. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची कैद. दारू सोडली म्हणून ही शेवटची सवलत, पुढच्या वेळी थेट तुरुंग.

संध्याकाळी कोर्ट उठलं. "आता सगळे एसटीनं जा," मी म्हणालो. त्यानं हळूच तहसीलच्या मागं बोट दाखवलं. तिथं जीप उभी होती. सगळ्यांना घेऊन तोच आला होता!

मी मनसोक्त ओरडलो. मग मीच स्टिअरिंग धरलं. शेजारी बसून तो प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता.

"काऊन वकीलसाहेब, तुमाले लायसन कोनं देल्लं?" मागून बाईंनी विचारलं, आणि अख्खी जीप हसली.

गावात पोचल्यावर मी चावी पुढं केली, त्यानं घेतली नाही. "तुमच्यापाशीच ठेवा. माह्यापाशी राह्यली तं सकाळी आठले हात थांबत नाई." त्याचे डोळे भरले होते. माझा राग कुठल्या कुठं गेला.

चार महिने ती चावी माझ्या काळ्या कोटात होती. दर बाजाराला तो एसटीनं यायचा आणि दारातूनच विचारायचा, "हाय ना?" मी खिसा वाजवून दाखवायचो.

बंदी उठली त्या सकाळी पहिल्या एसटीनं मी त्याच्या गावी गेलो आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. आठ वाजले होते, माणसं जीपजवळ उभीच होती. मी पुढं बसायला गेलो, तर बाईंनी माझा हात धरला.

"तुमी मागं बसा, वकीलसाहेब."