पाच जणींचा उपास

आज सकाळी शेजारून हिंगमिऱ्यांचा वास आला. पापडाचं पीठ कुटणं चाललं होतं. वडिलांची नोकरी सुटली त्या उन्हाळ्यात, धुळ्याला, आईने पापडांसाठी एकच किलो उडीद दळून आणला होता. लाटायला गल्लीतल्या पाच जणी आल्या. लाटणाऱ्यांना तेलात बुडवलेल्या लाट्या खायला द्यायची रीत, पण तेवढ्या पिठातून लाट्या वाटल्या तर पापड वर्षभर पुरणार नव्हते. आईने ताटली पुढे करताच समोरच्या अक्का म्हणाल्या, "आज मना उपास शे." मग एकेक करून पाचही जणींचा उपास निघाला. आई हसली. "बठ्ठास्ना उपास आजच का? खा गुमान!" त्यांनी खाल्ल्या. पापड पोळ्याआधीच संपले. आता आईला जाऊन तीन महिने झाले. तिची काटकसर मी उचलली. वेळेला हात सैल सोडणं मात्र अजून जमत नाही.