त्यांना उंच माणूस हवा होता

लोक विचारतात, परंड्याचा माणूस कलकत्त्याला, कोलंबोला, ढाक्याला फुटबॉल खेळायला गेलाच कसा. मी सांगतो, उस्मानाबादच्या शाळेत हैदराबादहून आलेले एक ड्रिल मास्तर होते, त्यांनी शिकवलं. हे खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी आजवर दोनच माणसांना सांगितलं.

अब्बा परंड्याच्या तहसिलीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, उर्दूतलं दप्तर मराठीत गेलं, आणि पन्नाशीला टेकलेले अब्बा रोज संध्याकाळी पाटीवर बाराखडी गिरवायला बसू लागले. पोरावर ही पाळी नको म्हणून त्यांनी मला उस्मानाबादच्या हायस्कुलात घातलं. तिथल्या बोर्डिंगात माझ्या शेजारी माकणीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा झोपायचा. बुटका, रुंद छातीचा, आणि घोरणारा. आमची दोस्ती पहिल्याच आठवड्यात झाली, कारण मास्तरांनी आम्हा दोघांना हाफच्या जागेवर उभं केलं.

हाफ म्हणजे मधला. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, आणि दिवसभर धावायचं. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, हाफचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. माझ्या दोस्ताला मात्र ही जागा फार आवडायची. "दोन्हीकडचं दिसतंय रं इथनं," म्हणायचा. आणि खरंच त्याला दिसायचं. मी चेंडू पायात आल्यावर विचार करायचो, त्याचा विचार आधीच झालेला असायचा.

शाळा संपली त्या वर्षी मास्तरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला हैदराबादला धाडलं. तिथल्या एका गिरणीचा संघ होता. खेळाडूला गिरणीत नोकरी मिळायची आणि संध्याकाळी मैदान. पण हाफची जागा एकच रिकामी होती, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं.

जायच्या आधी पंधरा दिवस सुगीत तो कडब्याच्या गंजीवरून घसरला होता. डावा गुडघा सुजला होता. सोलापूरला गाडीची वाट बघताना त्यानं धोतर वर करून मला दाखवलं. हळदीचं फडकं घट्ट बांधलेलं होतं.

"कुणाला सांगू नगंस," तो म्हणाला. "उतरंल आठ दिसांत."

"मी कशाला सांगू?" मी म्हणालो.

चाचणी दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी तो माझ्याहून कितीतरी चांगला खेळला, तेही एक पाय सांभाळून. मी तीनदा सोपा चेंडू घालवला. खेळ संपल्यावर मी नळावर पाय धूत होतो, तेव्हा संघाचे उस्ताद माझ्याजवळ आले. म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, आवाज मऊ.

"तेरा दोस्त अच्छा है," ते म्हणाले. "पर एक पाँव बचाके दौड़ता. कुछ हुआ क्या उसको?"

मला नुसतं 'मालूम नहीं' म्हणता आलं असतं. उस्तादांनी पुन्हा विचारलंही नसतं, ते तोंड फिरवायच्या बेतातच होते. मी म्हणालो, "जी, घुटना सरकता उसका. पट्टी बांधके छुपाया."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी पाय धूतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याला अर्ध्या तासात बाहेर काढलं आणि मला ठेवलं. तो माझ्यापाशी आला. "काय चुकलं रं माझं?"

"काही नाही चुकलं. त्यांना उंच माणूस हवा होता."

मी त्याच्याहून वीतभर उंच होतो. त्यानं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि हसला. "मंग काय करनार? आईबापाला शिव्या द्याव्या लागतील." त्याच्या फडक्यात भाकरी आणि शेंगाची चटणी उरली होती, ती माझ्या हातात देऊन तो रात्रीच्या गाडीनं परत गेला.

'मी खोटं कुठं बोललो? गुडघा दुखावलेलाच होता,' असं मी स्वतःला सांगायचो. उंचीचं बोललो ते मात्र मी आठवतच नसे.

गिरणीत तीन वर्षं काढली. मग कलकत्त्याच्या एका क्लबानं बोलावलं. तोवर मी अनवाणीच खेळत आलो होतो; तिथं चिखलात खेळताना कळलं की बुटानं चेंडू थांबवणं ही वेगळीच विद्या आहे. पहिले दोन महिने मी बाकावरच होतो. एक हंगाम कोलंबोला खेळलो. तिथं माझी भाषा कुणाला कळेना, पण चेंडू मागायला हात वर केला की पुरे. शेवटी ढाक्याला गेलो आणि तिथं टिकलो.

माकणीहून त्याची पत्रं यायची. बाळबोध वळणाचं अक्षर. कलकत्त्याच्या सामन्याची बातमी सोलापूरच्या पेपरात चार ओळींत आली की तो ती गावात वाचून दाखवायचा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "तू हाफ खेळतोस म्हंजे निम्मा म्याच खेळतो, असं समद्यास्नी सांगतो." त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पुढच्या दोन पत्रांनाही नाही.

ढाक्यात तिसऱ्या हंगामात माझाच गुडघा गेला. खोलीत माझ्याबरोबर संघाचा राखीव हाफ राहायचा, दिवसा शाळेत शिकवणारा एक बंगाली. मी उठलो नाही तर जागा त्याचीच होती. तो सकाळी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा. एके दिवशी तोच म्हणाला, मॅनेजरनं तुझ्या पायाबद्दल विचारलं.

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याचा पाय आहे, त्याला विचारा. माझ्याकडे कशाला येता?"

एवढं बोलून तो वह्या तपासू लागला. मला अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं झालं. मी त्याला हैदराबादची सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं. "तो जिवंत आहे ना?" म्हणाला. "मग मला काय सांगतोस?"

हंगाम संपल्यावर मी परत आलो. येतोय म्हणून माकणीला कार्ड टाकलं. लोहाऱ्याला एसटीतून उतरलो तर तो बैलगाडी घेऊन उभा. अंगानं भरलेला, मिशा राखलेला. त्यानं मला मिठीच मारली. संध्याकाळी शाळेत माझा सत्कार ठेवलाय, हार तुळजापूरहून मागवलाय, असं वाटेत सांगितलं.

गाडी तेरणेच्या काठी त्याच्या रानात आली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि सांगितलं. नळावरचं, उस्तादांचं, सगळं.

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"गुडगा तर दोन म्हैन्यात बरा झाला," तो म्हणाला. "खरं सांगितलं असतंस तर फुडल्या साली परत गेलो असतो. उंची कुठनं आनू, म्हनून गेलो न्हाय."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. चुगली एका दिवसाची होती. त्याला घरी बसवलं ते माझ्या थापेनं.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"माफ केलं म्हनायला मला जमंना," तो म्हणाला. "जेवन झालंय तयार. चला."

'चल' नाही, 'चला'. मी नीट ऐकलं.

घरी त्याच्या बायकोनं पंगत मांडली होती. तो माझ्या शेजारी बसून जेवला, आग्रहही केला, पण "घ्या, संकोच करू नका" असा. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गावचे सगळे जमले. त्यानं ठरल्याप्रमाणे मला हार घातला. भाषण केलं. "आमचे पाहुने तीन देशांत खेळले, आपल्या जिल्ह्याचं नाव केलं," म्हणाला. निम्मा मीच खेळतो, हे त्या भाषणात नव्हतं. टाळ्या वाजल्या. मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस.

पुढं मी जिल्ह्यातच एका शाळेत ड्रिल मास्तर झालो. तुळजापूरच्या एसटी स्टँडवर आमची अधूनमधून गाठ पडते. तो थांबतो, अब्बांची तब्येत विचारतो, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. "बरंय, येतो, तुमची गाडी लागली," म्हणतो. मी अजून त्याला 'तू'च म्हणतो, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबतो.