जर्दाळूचा सीलबंद नमुना

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे 'अर्धाथेंब' म्हणायचे. नळीतून द्रव सोडताना रंग पालटला की नेमक्या अर्ध्या थेंबावर तोटी बंद करणारा हात तिचाच. चिडवणाऱ्यांनाही अडल्या वेळी तीच लागायची. तिने लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या मुलीत तिचा सगळा जीव, आणि त्या भाचीला दमा.

एक दिवस भाचीने वाळवलेले जर्दाळू खाल्ले आणि श्वास कोंडून ती निळी पडली. दवाखान्यात नाकाला नळी लावलेल्या त्या लेकराच्या उशाशी मावशी बसून राहिली. बहिणीने उरलेलं पाकीट पुढे केलं. वर छापलेलं, 'कोणतंही रसायन नाही'. आतले जर्दाळू मात्र केशरी, चकचकीत. गंधकाची धुरी दिल्याशिवाय वाळलेला जर्दाळू असा नटत नाही, तो मातकट होतो. आणि काही दमेकऱ्यांना ती धुरी म्हणजे वैरीणच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने ते तपासायला घेतले. लगदा आम्लात उकळायचा, निघालेला वायू द्रवात धरायचा, मग गुलाबी झालेला तो द्रव पिवळा व्हायला नळीतले किती थेंब लागतात ते मोजायचं. गंधक जितका जास्त, तितके थेंब जास्त. नळी रिकामी होत आली तरी द्रव गुलाबीच.

साहेब म्हणाले, "बाई, पाकीट फोडलेलं, सील नाही. त्यात तुमची सख्खी भाची. हे घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहू?" पण माणूस भला. त्यांनी निरीक्षकाला कारखान्यात धाडलं.

जर्दाळूचा नमुना आला तो नावाशिवाय, नुसता क्रमांक घालून. कुणाचा ते कळायला तिला नाव कशाला हवं होतं? तिने झाकण काढलं. जर्दाळू मातकट, सुरकुतलेले. मालकाने निरीक्षकापुढे चांगला माल ठेवला होता, बाजारातला नव्हेच!

पहिल्याच थेंबाला द्रव पिवळा झाला. नमुना शुद्ध. तिने तोटी बंद करायला हवी होती, केली नाही. पिवळ्यात कितीही थेंब पडले तरी ते पिवळंच दिसतं, बघणाऱ्याला काय कळणार? अर्ध्या थेंबासाठी श्वास रोखून धरणाऱ्या त्या बाईने रडत रडत अर्धी नळी रिकामी केली आणि अहवालात लिहिलं, नापास.

नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद ठेवलेला असतो, मालकाने हरकत घेतली तर तो वरच्या प्रयोगशाळेत जातो, हे काय तिला माहीत नव्हतं? पण तिला वाटलं, लबाडी करणारा माणूस कशाला बोंब मारत येईल? दुःखाने शहाण्या माणसाचं डोकं कसं फिरतं बघा! आपण कोणता माल दिलाय हे त्या मालकाइतकं कुणाला ठाऊक होतं? तो छाती काढून वरच्या प्रयोगशाळेकडे गेला.

वरून निकाल आला, शुद्ध. साहेबांनी तिला बोलावून दार लावून घेतलं.

"का केलंत हे?"

"ते जर्दाळू ते नव्हतेच, साहेब."

"मला कळत नव्हतं का? कारखान्यात नाही सापडलं तर दुकानातून नमुना उचलायचा, असं निरीक्षकाशी बोलून ठेवलं होतं मी. आता त्या कंपनीचं नाव काढलं तरी लोक म्हणतील, डूख धरलाय. कशाच्या जोरावर पाठवू निरीक्षकाला दुकानात?"

नोकरी गेली त्याचं दुःख तिला झालं, पण ते फार मागे राहिलं. भाची वाचली, घरी आली. मावशीला मात्र रात्रंदिवस दुसऱ्यांची पोरं दिसत.

पुढे एकदा ती साबण आणायला दुकानात गेली. तेच केशरी जर्दाळू समोरच मांडलेले, पाकिटावर नवी पट्टी, 'वरिष्ठ प्रयोगशाळेत शुद्ध ठरलेले'. एक बाई पाकीट उचलत होती. तिच्या कडेवरच्या पोराची छाती घरघरत होती.

"ताई, ते नका घेऊ हो. पाया पडते तुमच्या."

बाई थबकली. दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "घ्या हो, काही नाही. खोटा अहवाल दिला म्हणून काढून टाकलंय यांना."

बाईने पाकीट पिशवीत टाकलं.