सैल तार

दादाने त्याच्या शिडाच्या होडीची डोलकाठी उभी करून तिला धरून ठेवणाऱ्या दोन्ही अंगांच्या तारा सारख्याच आवळल्या होत्या, तंबोरा लावावा तशा. पण खाडीत वारा चढला, होडी कलली, आणि वाऱ्याकडची तार ताणली जाऊन गुणगुणू लागली. दुसरी चक्क लोंबायला लागली. मी ती आवळायला सरसावले.

“हात नको लावू!” दादा ओरडला. “सैलच राहते ती. होडी वळली की सगळा भार तिच्यावर.”

मी ताणलेल्या तारेवर बोट ठेवलं. अंथरुणाला खिळलेली आई कधीपासून माझ्याकडेच आहे. दादा सणावारी भेटून जातो. तार तुटण्याआधी काही सांगत असेल का?

“दादा, मग वळव ना आता.”

त्याला कळलं. त्याने सुकाणू घट्ट धरलं, नजर समोर ठेवली, आणि होडी तशीच कललेली पुढे जात राहिली.