मस्कतला हाउसफुल्ल

आईशप्पत सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, अर्धे तरी. उरलेले अर्धे खरे व्हायला हवे होते, म्हणून मी त्यांना थोडा हात दिला.

बँडवाल्याचे किस्से म्हणजे त्याच्या घरातल्या वायरी. कुठून जमतात कळत नाही, फेकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर सगळा गुंता मांडीवर येतो. पूर्वी ओढायला आम्ही चौघं होतो. हल्ली मी एकटाच ओढतो आणि एकटाच हसतो. आज तुम्ही सापडलात, बसा!

*

आमच्या बँडचं नाव 'सरकी'. कापसातली रुई काढून घेतली की मागे उरते ती. नाव गफूरनं ठेवलं. म्हणाला, "रुई गेली मुंबईले, आपन राहिलो अठीच!"

गफूर ड्रमवर, सिद्धार्थ गिटारवर, मी कीबोर्डवर, आणि मधोमध गाणारा विजय, म्हणजे आमचा विज्या. गफूर आणि विज्या अकोल्याचे, सिद्धार्थ आणि मी अमरावतीचे. प्रॅक्टिस मूर्तिजापूरला, सिद्धार्थच्या मावशीच्या गच्चीवर. दोन्ही गावांना सारखंच गैरसोयीचं म्हणून!

*

विज्याच्या चष्म्याची काच सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखी. पण स्टेजवर चष्मा घालायचा नाही हा त्याचा नियम. "हीरो कधी चष्मा लावून गाते काय बे?"

अकोल्याच्या एका गणपतीत त्यानं एक गाणं 'त्या कोपऱ्यातल्या, मघापासून एकटक पाहणाऱ्या पांढऱ्या ड्रेसवाल्या ताईंना' अर्पण केलं. ताई हलल्या नाहीत. त्यानं दुसरंही अर्पण केलं. तरी नाही.

सिद्धार्थ त्याच्या कानाशी गेला. "विज्या, तो कूलर आहे. तोई बंद."

विज्या म्हणाला, "मंग मले गार गार काहून वाटून राहिलं?"

*

परतवाड्याच्या कार्यक्रमात मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. कार्यक्रम संपल्यावर चप्पल शोधायला विज्यानं चष्मा लावला, आणि समोर नुसत्या खुर्च्या! एका खुर्चीवर कुत्रं झोपलेलं.

त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाला, "आता आनखी एक डाव असा हॉल दिसला ना, तर गानं सोडलं. मामाच्या कापसाच्या जिनिंगमधे लागतो."

गफूर जोक मारायचं सोडून त्याची चप्पल शोधायला लागला. विज्या गेला असता तर सरकीसुद्धा उरली नसती.

*

आणि अशात फॉरेन टूर आली! मस्कतला शेंदूरजनाघाटचे एक काका केटरिंगमध्ये होते. त्यांनी आपल्या माणसांसाठी कार्यक्रम ठरवला. एसटीडी बूथमधून सिद्धार्थ त्यांच्याशी बोलला. आम्ही तिघं काचेला नाक लावून बाहेर.

काकांनी विचारलं, "वार कोनता ठेवू?"

सिद्धार्थ छाती फुगवून म्हणाला, "रविवार! सुट्टी असते ना सगळ्यायले!"

तिकडे तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. रविवारी अख्खं मस्कत कामावर. काका वऱ्हाडातलेच, पण बावीस वर्षं तिकडे काढून सभ्य झालेले! त्यांना वाटलं, कलाकार माणसं आहेत, काहीतरी मुहूर्त असेल.

*

एअरपोर्टवर विज्यानं चष्मा काढला. का? तर एअर होस्टेस असतात! त्यामुळे तो जिथे रांग दिसली तिथे उभा राहिला. बराच वेळ कोणी अडवलंही नाही, कारण अंगात प्रोग्रामचा पांढरा ड्रेस, खांद्यावर सोनेरी पट्ट्या! ती रांग पायलट लोकांची होती.

गफूरनं त्याला हाताला धरून परत आणला, तर साहेब उलट त्याच्यावरच तापले. "थो मानूस मले सॅल्यूट करून राहिला होता, तुनं काहून ओढलं?"

*

मस्कतचा हॉल फार सुंदर होता. गालिचा, लाल खुर्च्या, एसी. माणसं मोजायला बोटं पुरली असती. आणि त्यातलीही दोन काकांच्या घरची.

पडद्यामागून आम्ही तिघांनी पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. विज्या चष्मा डबीत ठेवून केस विंचरत होता. "पब्लिक कशी हाय?"

गफूर म्हणाला, "पाय ठेवाले जागा नाई, भाऊ!"

खोटं बोलून मोकळा झाला, निस्तरायचं मला! माझ्या कीबोर्डमध्ये शेवटच्या काही बटणांवर पक्षी, टेलिफोन असले आवाज होते. त्यातच एक होता टाळ्यांचा. पहिलं गाणं संपलं आणि मी बटण दाबलं. स्पीकरमधून टाळ्यांचा असा पूर आला, की काका दचकून मागे वळून पाहायला लागले.

विज्या काळोखाकडे वाकून म्हणाला, "थँक्यू, मस्कत!"

प्रत्येक गाण्यानंतर हेच. पाचव्या गाण्याला माझं बोट घसरलं. टाळ्यांच्या शेजारी हेलिकॉप्टर! हॉलभर फडफडाट! सिद्धार्थनं डोळे मिटून घेतले.

विज्यानं वर पाहिलं. मग माईकवर अदबीनं म्हणाला, "या साहेब, बसा!"

हे सगळं मिक्सरवरून कॅसेटवर उतरत होतं. तीच आमची 'लाइव्ह इन मस्कत'.

*

इंटरव्हलमध्ये चहा घ्यायला मी बाहेर आलो, तर एक माणूस दाराशी उभा. कंपनीचा निळा ड्रेस, हातात टोपी.

"तुमी अमरावतीचे काय?"

"हो. तुमी?"

"चांदूर रेल्वे." मग टोपी फिरवत म्हणाला, "गाने चांगले होऊन राहिले. पन एक सांगू काय? मधात मधात नुसतं बोला ना. लय दिवस झाले, कोनी 'काहून बे' म्हनलं नाई."

मी विज्याला सांगितलं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो माईकवर ओरडला, "काहून बे चांदूरवाले! जेवला काय?"

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "होऽऽ!"

कॅसेटवर तो 'हो' आहे. बारीक, लांबून, पण आहे. पुढे प्रत्येक गाण्याआधी विज्या त्याच्याशी बोलला. शेतातली पऱ्हाटी कशी आहे, रेल्वे फाटक उघडलं की नाही, बायको भांडते की नाही. तो माणूस शेवटपर्यंत बसून होता. शेवटच्या गाण्याला माझे दोन्ही हात कॉर्डवर अडकलेले, बटण दाबायला बोट रिकामं नव्हतं. गाणं संपलं, आणि हॉलमध्ये एका माणसाची टाळी वाजली. दोन घाईघाईत, मग थांबून एक. चांदूरवाला!

*

परत आल्यावर त्या कॅसेटनं आम्हाला मोठं केलं. राजकमल चौकातल्या पानठेल्यावर ती वाजायची आणि लोक विचारायचे, "केवढी पब्लिक होती बे?"

गफूर सांगायचा, "एवढी, की आमाले आमीच दिसत नव्हतो!"

विज्यानं जिनिंगचं नाव काढलं नाही. पुढे कितीतरी वर्षं गायला. लग्नांत, जयंत्यांत, जत्रांत. हॉल कसाही असो, हा माणूस समोर मस्कत आहे असं समजून गायचा.

*

आता गफूर नाही. जाताना त्याच्या ड्रमच्या काड्या मला देऊन गेला. त्या मी टेबलावर ठेवल्यात, वाजवत नाही. सिद्धार्थ मुलीकडे पुण्याला राहतो. फोन केला की म्हणतो, "मी तुला जरा वेळानं करतो." पूर्वी म्हणायचा, "बोल बे!" माझ्या घरात तर टीव्हीशिवाय कोणी बोलतच नाही, आणि टीव्हीला मी उत्तरं द्यायला लागलोय.

विज्या अकोल्यात आहे. वहिनी गेल्या, पोरगी बंगळुरूला. घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज म्हणजे नुसती हवा. मी बडनेऱ्याहून गाडी धरून त्याच्याकडे जातो. रविवारी. सुट्टी असते ना सगळ्यायले!

परवाच्या रविवारी मी मोबाइलवर उतरवून घेतलेली 'लाइव्ह इन मस्कत' लावली. तो शाल पांघरून खुर्चीत, आता चष्मा चोवीस तास डोळ्यांवर. पहिलं गाणं संपलं, टाळ्यांचा पूर आला.

विज्या कुजबुजला, "हे तू."

मी चहाचा कप खाली ठेवला.

हेलिकॉप्टर आलं. "हेई तूच."

"तुले मालूम होतं?"

"अबे, टाळ्या कधी सगळ्या एकदम सुरू होऊन एकदम बंद होतेत काय? मले दिसत नव्हतं. आयकू तर येत होतं ना!"

"मंग गानं काहून नाई सोडलं?"

"आयक," म्हणाला, आणि बोटानं मोबाइल दाखवला.

'काहून बे चांदूरवाले' गेलं. 'होऽऽ' गेलं. शेवटचं गाणं आलं, संपलं. माझी लांबलेली कॉर्ड विरली आणि ती एकटी टाळी वाजली. दोन घाईघाईत, मग थांबून एक.

"हे मायी नाई," मी म्हणालो.

"नाई."

"चांदूरवाल्याची."

विज्यानं डोळे मिटले. "असन बावा."

मग शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. दोन घाईघाईत, मग थांबून एक.

*

आता यातलं खोटं कोणतं, तेवढं सांगून टाकतो. चांदूरवाला शेवटपर्यंत बसला होता, हे मी घातलं. शेवटच्या गाण्याआधीच त्याच्या कंपनीची बस आली होती. जाताना त्यानं दारातून टोपी हलवली होती. काका आणि बाकीचे तर कधीच जेवायच्या तयारीला उठून गेले होते.

ते गाणं सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये आम्ही चौघंच होतो. सिद्धार्थचे हात गिटारवर, गफूरचे काड्यांवर, माझे कीबोर्डवर. आणि विज्याचा माईक स्टँडवर लावलेला होता.