पाईकराव बाई आणि हायस्कूलचं कुलूप

पाईकराव बाईंना अजातशत्रू म्हणू नका.

सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर तेच चाललंय. अजातशत्रू. मितभाषी. शांत स्वभाव.

बाई शांत नव्हत्या. त्यांना शत्रू होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या मेहनतीने कमावले होते.

काल संध्याकाळी हिंगोलीत बाई गेल्या. मी जवळ होते.
आज लिहिलं नाही, तर लोक त्यांना देवमाणूस करून मोकळे होतील. म्हणून लिहितेय.

आमचा बंजारा तांडा औंढ्याच्या पुढे, रस्ता सोडून आत. शाळा सातवीपर्यंत. सातवीला आम्हाला बाई होत्या.

आठवीला मोठ्या गावच्या हायस्कूलला जावं लागायचं. पोरं जायची. पोरी सातवी पास व्हायच्या, आणि दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला निघायच्या. मग एक-दोन वर्षांत लग्न.

सगळ्यांना हे बराबर वाटायचं. बाईंना नाही.

परीक्षा जवळ आली की बाई तांड्यावर यायच्या. आमचा अभ्यास घ्यायला नाही. आमच्या मायबापाला आठवी समजावून सांगायला.

"तिथं दर तासाला मास्तर बदलतो. पोरगी गोंधळंल. पहिले पंधरा दिवस रडंल, घरी राहतो म्हणंल. ठेवायचं न्हाई."

आणि आम्हाला सांगायच्या, "तुमच्या बोलीला कुणी हसलं तर विचारायचं, मला दोन भाषा येतात, तुला किती येतात?"

तांड्यावरचे एक काका एकदा म्हणाले, "बाई, तुमचं काम सातवीपर्यंत हाय. पुढची तकलीफ काहून घेता?"

"माझं काम सातवीपर्यंतच हाय, भाऊ. पोरगी सातवीपर्यंत न्हाई."

त्या मार्चमध्ये बाई आम्हाला हायस्कूल दाखवायला घेऊन गेल्या. आम्ही पोरी, आमच्या आया, आणि दोन-तीन बाप. त्यात माझा बा पण होता.

हेडमास्तर वैतागले. "बाई, ॲडमिशन जूनमध्ये असतात. आत्ताच ही जत्रा कशाला आणली?"

"लग्नाआधी घर बघायला येतात ना माणसं, सर. तसे आलो."

"घर बघा. पण तांड्यावरच्या पोरी दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. उगी मेहनत करून राहिल्या तुम्ही."

बाई काही बोलायच्या आत माझी याडी, म्हणजे माझी आई, पुढे झाली. परक्या माणसासमोर ती मराठीत तोंड उघडायची नाही.

ती म्हणाली, "पोरीचं संडास कुठं हाय?"

संडास होतं. त्याला कुलूप होतं.

"स्टाफपुरतं उघडतो," सर म्हणाले. "पोरी घाण करतात."

"मग पोरी कुठं जातेत?"

शिपाई बोलून गेला, "मागं, बाभळीत."

बाई आमच्या आयांकडे वळल्या. "समजलं का, दिवाळीपर्यंत काहून टिकत न्हाईत?"

आणि व्हरांड्यात, ऑफिसच्या दारासमोर, खाली फरशीवर बसल्या.
"कुलूप निघंपर्यंत आमी हितंच हाव, सर."

आरशांचे घागरे सावरत एकेक आई त्यांच्या शेजारी बसली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. वर्गातली पोरं खिडकीतून बघत होती.

दुपारच्या सुट्टीत कुलूप निघालं.

मग बाईंवर कम्प्लेंट झाली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "दुसऱ्याच्या शाळेत जाऊन दंगा केला?"

"दंगा न्हाई, साहेब. बसलो होतो."

त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कुणी केली, तांड्यावर सगळ्यांना माहीत होतं.

बाई रविवारी येतच राहिल्या. मी जूनमध्ये आठवीला बसले. पंधरा दिवस रडले. याडीने घरी ठेवलं नाही.

दिवाळी झाली. ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. ट्रॅक्टर दारात उभा, सामान भरून झालेलं. बाई पोचल्या तेव्हा बा त्यांना म्हणाला, "पोरीची जात हाय, बाई. हिला मागं एकटी कशी ठेवू? माझा जीव तिकडं लागंल का?"

बा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती. बाईंनाही ते कळलं.

याडी ट्रॅक्टरवरून खाली उतरली.
"त्या सरानं दिवाळीपर्यंत म्हणलं होतं ना? मग न्हाई नेत मी हिला. काकीपाशी ऱ्हाईल."

वर चढवलेलं माझं गठुडं बाने खाली घेतलं.

आज मी हिंगोलीत स्टाफ नर्स आहे.

माझ्यासोबतच्या सगळ्या टिकल्या असं नाही. दोघींना त्या वर्षी नेलंच. बाईंना ते शेवटपर्यंत सलत होतं. यश वगैरे शब्द त्यांना आवडायचे नाहीत. कुणी सत्काराचं बोललं की आधी त्या दोघींची नावं घ्यायच्या.

पण आमच्यानंतरच्या पोरी हायस्कूलला गेल्या. त्यांच्यानंतरच्याही. आता आमच्या तांड्यावर आठवीला जाणाऱ्या पोरीकडे कुणी वळून बघत नाही. मला तर हीच मोठी गोष्ट वाटते.

गेल्या आठवड्यात बाईंचा आवाज पार खोल गेला होता. सलाईन बदलत होते, तर म्हणाल्या, "ह्या वर्षीची सातवीची पोरं हायस्कूल बघायला कोण नेणार?"

"आम्ही नेतो, बाई. मी आणि याडी."

"हेडमास्तरला कळवलं का?"

"अजून नाही."

"कळवू नको. आधी सांगितलं की झाडूनपुसून ठेवतेत."

सोमवारी जातोय. पोरं, पोरी, आया, आणि या वेळी बाप जास्त आहेत.

कळवलेलं नाही.

जय भीम, बाई.
आणि तुमच्या तांड्याकडून, जय सेवालाल.